शहराखालची होडी

आमच्या शहराला ना नदी, ना समुद्र. तरीही माझ्या मावशीनं सगळी नोकरी होडी चालवण्यात काढली.

लहानपणी शाळेत बाईंनी विचारलं होतं, घरात कोण काय काम करतं ते एकेकानं सांगा. कुणाचे वडील दुकानात होते, कुणाची आई दवाखान्यात. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, "माझी मावशी होडी चालवते."

"कुठे?" बाईंनी विचारलं.

"टेकडीच्या पोटात."

वर्ग फिदीफिदी हसला आणि थापा मारू नयेत यावर बाईंनी मला चांगलं सुनावलं. मी रडत घरी आले तेव्हा मावशी आमच्याकडे चहाला आलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांचं काय चुकलं गं? मला कुणी आधी सांगितलं असतं ना, तर मीही हसलेच असते."

टेकडी म्हणजे शहराच्या मधोमध असलेला एक बसका उंचवटा. वर सपाट हिरवळ. सकाळी म्हातारी माणसं फेऱ्या मारायची, दुपारी कॉलेजची जोडपी सावली शोधायची, संध्याकाळी मुलं चेंडू बडवायची. हिरवळीत जागोजागी कमरेएवढे, वरून वाकवलेले लोखंडी नळ उभे होते. लोक त्यांना पिशव्या अडकवायचे. ते नळ आतल्या हवेसाठी आहेत, हे कुणाच्या गावीही नव्हतं. गवताखाली हातभर माती, मातीखाली विटांचं छत, छताखाली कमानींच्या रांगाच्या रांगा, आणि त्या कमानींचे खांब पाण्यात उभे. जुनं शहर शंभराहून जास्त वर्षं या टाकीचं पाणी प्यायलं.

टाकी कधी पूर्ण रिकामी करता यायची नाही, कारण शहराचे नळ कोरडे पडले असते. पण छताला तडा गेलाय का, वीट सुटलीय का, एखादं वटवाघूळ पडून तरंगतंय का, हे कुणीतरी बघायला हवंच. त्यासाठी आत एक होडी होती. ती आत नेली नव्हती, आतच बनवली होती. छताला माणूस जेमतेम उतरेल एवढंच एक गोल झाकण होतं. बांधकाम संपताना सुतारानं फळ्या त्यातून एकेक करून खाली सोडल्या आणि पाणी येण्याआधी तळावर बसून होडी ठोकली. त्यामुळे त्या होडीनं ऊन कसं ते बघितलेलंच नव्हतं.

मावशी तेव्हा त्या हिरवळीवर माळीकाम करायची. ऐन विशीतली, काडीसारखी बारीक, आणि आवाज मात्र असा की तिनं कानात काही सांगितलं तर पलीकडच्या गल्लीला कळावं. टाकीत उतरणारे नावाडी वयानं मोठे होते, त्यांना सगळे नावाडीबाबा म्हणायचे. माणूस गोड आणि खाण्यापिण्याचा शौकीन. वर्षागणिक बाबांचा घेर वाढत गेला आणि झाकणाचा घेर होता तेवढाच राहिला.

व्हायचं तेच झालं. एका सकाळी बाबा खाली उतरायला लागले आणि पोटापाशी अडकले. पाय आत लोंबकळतायत, वरचा अर्धा भाग हिरवळीवर. फेऱ्या मारणारे म्हातारे थांबून बघायला लागले. मुकादमानं काखेत हात घालून ओढलं, बाबा हलेनात. मावशी जवळच पाणी घालत होती. आधी ती पोट धरून हसली, मग पाण्याची नळी टाकून धावत आली.

"बाबा, सगळा श्वास सोडा! पोट आत घ्या!"

"आत कुठे घेऊ? आतच तर अडकलंय!"

शेवटी मुकादम, मावशी आणि फेऱ्या मारणारे दोन म्हातारे अशा चौघांनी मिळून त्यांना उपटून काढलं. सदऱ्याची सगळी बटणं तुटून पाण्यात पडली. बाबा गवतावर उताणे पडून बराच वेळ धापा टाकत राहिले, मग स्वतःच खो खो हसायला लागले. "संपलं माझं काम," ते म्हणाले. "साहेबांच्या आधी झाकणानंच मला रिटायर केलं."

पाणीपुरवठ्याचे साहेब आले. आता उतरणार कोण? मुकादमाचे खांदे रुंद, झडपा फिरवणारा गडी त्याच्याहून आडवा. साहेब सगळ्यांकडे एकेक करून बघत होते. मावशी मागून म्हणाली, "मी मावते."

"होडी चालवता येते?"

"नाही."

"पोहता येतं?"

"येतं. विहिरीत शिकलेय."

"आत काळाकुट्ट अंधार असतो. भीती वाटेल."

"अंधारात दिसणार कोण, साहेब, भ्यायला?"

मुकादम कुरकुरला, बाईमाणसाला असलं काम कसं द्यायचं म्हणून. साहेबांनी एकदा झाकणाकडे बघितलं, एकदा मुकादमाच्या पोटाकडे. "या झाकणाचं माप बाईमाणसाचंच दिसतंय," ते म्हणाले, आणि मावशीची नेमणूक झाली.

तिला शिकवायचं काम नावाडीबाबांकडे आलं, आणि ते त्यांनी मोठ्या थाटात केलं. झाकणाशेजारी गवतावर मांडी घालून बसायचे, कान भोकाशी. खाली मावशी होडीत. तिला ते दिसत नव्हते, त्यांना ती दिसत नव्हती. पण वल्ह्याचा आवाज ऐकूनच बाबा ओरडायचे, "डावं खोल जातंय! अगं, पाणी कापायचंय, खणायचं नाहीये!" पहिले काही दिवस मावशी खांबांवर आपटत फिरली. हळूहळू हात बसला. खांबापासून हातभरावरून होडी वळवायची, वल्हं उचलून तिरकी सरकू द्यायची, थांबायचं असेल तेव्हा उलट मारा करायचा, हे सगळं तिला असं जमलं की बाबा वर बसून मान डोलवायचे.

मधेमधे ती दमली की बाबा वरून टाकीच्या गोष्टी सांगायचे. त्यांचे आजोबा बांधकामावर विटा वाहायला होते, त्यामुळे या गोष्टी त्यांच्या घरातल्याच होत्या. पूर्वी शहर विहिरींवर जगायचं. वस्ती वाढली, विहिरी नासल्या, आणि एका उन्हाळ्यात असा रोग आला की गल्ल्याच्या गल्ल्या ओस पडल्या. त्यानंतर शहाणी माणसं एकत्र बसली आणि शहाण्या माणसांप्रमाणे कित्येक वर्षं नुसती भांडली. एक म्हणे पाणी दूरच्या तलावातून आणू, दुसरा म्हणे तलावाचं पाणी जड. शेवटी तलावाचंच पाणी आणायचं ठरलं आणि ते साठवायला टेकडीचं पोट उघडलं. पायथ्याशी भट्टी लावली, विटा तिथेच भाजल्या. बायका डोक्यावरून चुना वाहायच्या, आणि चुना मळायला बांधलेले बैल दिवसभर गोल गोल फिरायचे. छत घातल्यावर वर माती टाकून गवत लावलं, म्हणजे पाणी उन्हानं तापणार नाही.

"आणि पाणी आलं तो दिवस?" मावशी खालून विचारायची. ही गोष्ट तिला पुन्हा पुन्हा हवी असायची.

"आख्खं शहर चौकातल्या नळाशी जमलं होतं. नळ सोडला, तर आधी नुसती हवा आली. फुस्स! मग लाल गढूळ पाणी आलं. लोकांचे चेहरे पडले. थोड्या वेळानं स्वच्छ धार लागली. पण पहिला घोट घेणार कोण? सगळे एकमेकांकडे बघतायत. तेवढ्यात एक म्हातारी पुढे झाली, ओंजळीनं प्यायली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, याला तर चवच नाही! आणि साहेब लोकांनी टोप्या उडवल्या. अगं, चव नसलेलं पाणी मिळावं म्हणूनच तर एवढा खटाटोप होता!"

मावशी नोकरीत मुरली तेव्हा एका खांबाच्या विटा झिजल्याचं तिच्या लक्षात आलं. बोट घातलं की चुना पिठासारखा निघायचा. तिनं साहेबांना सांगितलं, साहेब स्वतः उतरून बघून आले आणि त्यांनी गवंडी बोलावला.

गवंडी म्हणजे आमचे काका. त्या काळी ते उंच, शिडशिडीत, कमी बोलणारे आणि कामाला वाघ होते. फक्त पाण्याला जाम घाबरायचे. लहानपणी डबक्यात खेळताना थोरल्या भावानं गंमत म्हणून त्यांचं डोकं पाण्याखाली दाबून धरलं होतं, तेव्हापासून बादलीभर पाण्याकडेही ते संशयानं बघायचे. हे त्यांनी साहेबांना सांगितलं नव्हतं. शिडी उतरून होडीत पाय ठेवला आणि होडी जराशी डुलली, तेव्हा ते मटकन खाली बसले. दोन्ही हातांनी होडीचे काठ असे आवळून धरले की मावशी म्हणाली, "सोडा हो, काठ मोडेल."

"चला तुम्ही," ते दातांतून बोलले. "मी ठीक आहे."

"डोळे उघडलेत का?"

"नाही."

लोक एकमेकांना पाण्यात बघतात म्हणतात. माझ्या मावशीनं मात्र हा माणूस होडीत बघितला आणि तिला तो पहिल्या दिवसापासून आवडला. कारण दुसऱ्या दिवशी तो परत आला. घामानं सदरा भिजलेला, तरी थापी आणि चुन्याचं घमेलं घेऊन शिडी उतरला.

"एवढी भीती वाटते, तर येता कशाला?" तिनं विचारलं.

"खांब पडला तर छत पडेल. छत पडलं तर वर खेळणारी मुलं पडतील." मग म्हणाले, "आणि भीती वाटते म्हणून तर काठ धरून बसतो. पण उतरतो ना?"

काम असं चालायचं. मावशी होडी खांबाच्या कडीला बांधायची, चुन्याचा कणही पाण्यात पडू नये म्हणून खाली ताडपत्री ताणायची, बॅटरीचा मोठा दिवा धरायची, आणि काका एकेक झिजकी वीट काढून नवी बसवायचे. हात चालू झाले की त्यांची भीती पळायची. हात थांबले की परत यायची. म्हणून मावशी सतत बोलत राहायची. बाजारातल्या भांडणांपासून आमच्या आजीच्या दाढदुखीपर्यंत सगळं त्यांना तिच्याकडूनच कळलं.

एक दिवस परत फिरताना होडी एका कमानीला जराशी घासली. काका दचकले, त्यांचा हात दिव्याला लागला आणि दिवा डुबुक करून पाण्यात गेला. क्षणभर पाण्याच्या तळातून हिरवा उजेड दिसला, मग तोही विझला.

असा अंधार काकांनी कधी बघितला नव्हता. बघितला म्हणणंही चूकच. त्यांनी होडीचे काठ पुन्हा आवळून धरले.

"ऐका," मावशी म्हणाली. "तुम्ही घट्ट बसा आणि मला काहीतरी सांगत राहा. काहीही सांगा."

"काय सांगू?"

"घरी कोण कोण असतं?"

आणि काका, जे दिवसाला चार वाक्यं बोलायचे, ते बोलायला लागले. वडीलही गवंडी होते. आई लवकर गेली. धाकटी बहीण लग्न होऊन दूर गेली, तिची फार आठवण येते. आपल्याला भिंत सरळ उभी राहिली की गाणं म्हणावंसं वाटतं, पण आवाज भसाडा आहे. मावशी हळूहळू वल्हं मारत होती. मधेच "जरा थांबा" म्हणून ती मोठ्यानं "ओऽऽ" करायची आणि कान देऊन ऐकायची. खांब जवळ असला की आवाज चटकन आणि कोरडा परत यायचा. मोकळी वाट असली की लांबून, गोल होऊन यायचा. त्या आवाजाच्या दिशेनं ती होडी वळवत होती. शेवटी दूरवर नाण्याएवढं उजेडाचं वर्तुळ दिसलं आणि वरून मुकादमाची हाक आली, "अगं, आहात का गेलात?"

काकांच्या जिवात जीव आला. पण त्यांचं बोलणं काही थांबेना. "अजून बहिणीचं सांगायचं राहिलं," ते म्हणाले.

"मग जरा आणखी एक वळसा घेऊ का?" मावशीनं विचारलं.

आणि पाण्याला घाबरणारा तो माणूस त्या काळोखात म्हणाला, "घ्या."

खांबाचं काम संपत आलं तेव्हाची गोष्ट. शेवटची वीट बसली, सांधे भरून झाले, काकांनी थापी पुसली. नवा दिवा कडीला टांगलेला. काका बराच वेळ खांबाकडेच बघत राहिले. मावशीला वाटलं, काही चुकलंय.

"एक विचारू?" ते खांबालाच म्हणाले.

"मला विचारताय का विटेला?"

"माझ्याशी लग्न करशील?"

ते अगदी पुटपुटले होते. पण त्या टाकीत कुजबुजही लपत नसे. "करशील... करशील... शील..." असं करत तो प्रश्न एकेका कमानीखालून फिरून आला, टाकीच्या टोकाला गेला आणि तिकडून पुन्हा आला. मावशी, जिच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, ती गप्प. काकांचे कान दिव्याच्या उजेडात लालबुंद.

तेवढ्यात झाकणातून मुकादम ओरडला, "अगं, हो म्हण की एकदाचं! मला जेवायला जायचंय!"

मावशी इतक्या मोठ्यानं हसली आणि इतक्या मोठ्यानं "हो!" म्हणाली की वर हिरवळीवर हवेच्या नळांतून तो होकार बाहेर पडला. फेऱ्या मारणारा एक म्हातारा दचकून नळापासून चार पावलं मागे सरला, असं मुकादम पुढे सांगायचा. सांगताना त्या म्हाताऱ्याची नक्कलही करायचा.

लग्न झालं, टेकडीच्या पायथ्याला दोन खोल्यांचं घर मिळालं, मुलं झाली. बाळंतपणातून उठली की मावशी आधी झाकणातून मावतेय का ते बघून यायची. दर वेळी मावली. एकदा छताचा तडा तिनं वेळेत धरला म्हणून खात्यानं तिचा सत्कार केला. सत्कारात तिला एक छत्री दिली. छताखाली काम करणाऱ्या बाईला छत्री, यावर आमच्याकडे कित्येक दिवस हसणं चाललं.

मग शहराबाहेर पाणी शुद्ध करण्याचा मोठा कारखाना झाला, उंच नव्या टाक्या उभ्या राहिल्या, आणि जुन्या टाकीकडे वळणारी नळवाहिनी बंद करायचं ठरलं. मावशी नेमकी त्याच सुमारास निवृत्त झाली. रडारड वगैरे काही नाही. ती म्हणाली, "चला, आता ऊन खाऊ."

मी नोकरीला लागले होते. सुट्टीच्या दिवशी मी दोघांना एका तलावावर घेऊन गेले. तिथे भाड्यानं होड्या मिळायच्या. काका चपला सांभाळत काठावर बसले. मी आणि मावशी निघालो. सुरुवातीला ती झकास चालवत होती, आणि मग एकदम, काही कारण नसताना, वळली. जरा पुढे जाऊन पुन्हा वळली. साऱ्या तलावभर आम्ही नागमोडी फिरत होतो. काठावरचे लोक बोटं दाखवायला लागले.

"मावशी, सरळ चल ना."

"सरळ कशी चालू? समोर काहीच नाहीये गं, वळायला!" मग ती "ओऽऽ" करून ओरडली आणि वाट बघत राहिली. आवाज गेला तो गेलाच. ती हिरमुसेल असं मला वाटलं होतं. पण तिनं वल्ही आत घेतली, होडीत चक्क आडवी झाली आणि म्हणाली, "केवढं मोठं छत आहे. आणि एक खांब नाही. काकांना सांगायला हवं."

टाकीचं पुढे काय करायचं, याचा निर्णय खात्यात झाला होता. पाणी काढलं की छताखाली नुसती पोकळी राहणार, वर माणसं फिरणार, धोका नको. म्हणून भराव घालून टाकी बुजवायची. यात कुणाचा काही वाईट हेतू नव्हता. काम ज्या इंजिनियर बाईंकडे होतं, त्या तरुण आणि मनमोकळ्या होत्या, आणि मावशी-काकांच्या गोष्टी त्यांनी खात्यात ऐकलेल्या होत्या. भरावाच्या गाड्या आत जाव्यात म्हणून त्यांनी टेकडीच्या बाजूची भिंत फोडून दार केलं, आणि गाड्या लागायच्या आदल्या सकाळी स्वतः मावशीच्या घरी आल्या.

"पाणी उतरलंय," त्या म्हणाल्या. "एकदा बघून घ्यायचंय का? काकांनाही आणा. आता पाणी नाही, त्यांना चालेल."

काकांना आनंदानं चाललं. त्या दिवशी मीही सोबत होते. दारातून आत गेलो आणि मी मान वर करून बघतच राहिले. खांब इतके उंच असतील असं मला वाटलं नव्हतं. दारातून आलेलं ऊन पहिल्या काही कमानींना लागलं होतं आणि विटा तांबूस सोनेरी दिसत होत्या. त्या उजेडाच्या पलीकडे मात्र रांगांमागून रांगा अंधारात बुडालेल्या. होडी एका खांबाशी कलंडून पडली होती, दुपारी झोपलेल्या म्हशीसारखी. मावशीनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि पुढे गेली.

काकांनी थेट आपला खांब गाठला. दोन्ही हात त्यावर ठेवून उभे राहिले. एकही सांधा सुटलेला नव्हता.

"सुंदर काम आहे," इंजिनियर बाई म्हणाल्या. "एवढ्याला किती वेळ लागत असेल? आठवडा?"

"आठवडा?" मावशी म्हणाली. "यांना अख्खा उन्हाळा लागला होता!"

काकांचे कान लाल व्हायला लागले. "आठवड्याचंच होतं," ते शेवटी म्हणाले. "मी एका दिवशी भरलेले सांधे दुसऱ्या दिवशी खरवडून काढायचो. परत भरायचो."

मावशीनं कमरेवर हात ठेवले. "तरीच! आणि मी इकडे तुम्हाला त्या टोकाला वळसा घालून आणत होते. सरळ आणलं असतं तर झाकणापासून चार वल्ह्यांवर तर आहे हा खांब!"

"म्हणजे तू..."

"मग काय तुम्ही एकटेच हुशार?"

इंजिनियर बाई खाली बसून हसत होत्या. "आता हे मी रिपोर्टात कसं लिहू?" त्या डोळे पुसत म्हणाल्या. आणि बसल्या बसल्याच त्यांचं लक्ष जमिनीकडे गेलं. गाळ सायीसारखा पातळ होता. त्यांचा हात लागला होता तिथे तो सरकला होता, आणि खाली चुन्याच्या गिलाव्यात एक खळगा दिसत होता. एका मोठ्या खळग्यापुढे चार लहान.

"काका, हे काय आहे?"

काका गुडघ्यावर बसले, पाण्याची नळी मागवली आणि गाळ धुतला. मग म्हणाले, "कुत्रं गेलंय. गिलावा ओला असताना कुत्रं गेलंय यावरून!"

पुढचा तासभर आम्ही चौघं लहान मुलं होऊन गेलो. काका नळीनं धुवायचे, मावशी दिवा धरायची, इंजिनियर बाई आणि मी ओणव्यानं पुढे. ठसे खांबांमधून डौलात वाकडेतिकडे चालले होते. एका खांबाशी कुत्रं आरामात बसलं होतं. बुडाचा गोल ठसा आणि शेपटी हलवल्याचे फराटे स्पष्ट होते. तिथेच माणसाची अनवाणी पावलं सुरू झाली, लांब लांब पडलेली.

"गवंडी मागे धावला," काका म्हणाले. "सबंध दिवसाचं काम बिघडवलं ना त्याचं! हे बघा, इथे घसरला." खरंच, एक लांब घसरण होती आणि शेवटी दोन्ही तळव्यांचे ठसे. मावशी हसता हसता खांबाला टेकली. ठसे गोल फिरले होते, पुन्हा फिरले होते, एका खांबाभोवती तर दोघांनी तीन प्रदक्षिणा केल्या होत्या. आणि मग कुत्र्याचे ठसे एकदम संपले.

"गेलं कुठे?" मी विचारलं.

काका गोंधळले. इंजिनियर बाई मात्र माणसाची पावलं न्याहाळत होत्या. धावताना उथळ उमटलेली पावलं इथून संथ झाली होती, आणि खोल. "उचललं त्यानं," त्या हळूच म्हणाल्या. "कडेवर घेऊन बाहेर नेलं. बघा ना, वजन वाढलंय."

एवढं रागावून धावलेला तो माणूस, पडला, घसरला, आणि शेवटी कुत्र्याला उचलून घेऊन गेला. मग त्यानं ते ठसे बुजवले का नाहीत? काका म्हणाले, बुजवायला पुन्हा ओल्यातून चालावं लागलं असतं. मावशी म्हणाली, छे, त्याला हसू आलं असेल. त्यावर पाणी भरलं, आणि आमच्या आजोबा-पणजोबांपासून सगळे ते पाणी प्यायले.

इंजिनियर बाईंनी बाहेर जाऊन गाड्या परत पाठवल्या. वरच्या साहेबांना फोन लावला. फोनवर बराच वेळ त्या नुसतं "पण सर, कुत्रा..." एवढंच म्हणत होत्या, तरी त्यांनी आठ दिवसांची मुदत मिळवली. येत्या रविवारी टाकी लोकांना बघायला खुली करायचं ठरलं.

त्या रविवारी टेकडीभोवती रांगेचा विळखा पडला होता. ज्या गवतावर आपण वर्षानुवर्षं पाय पसरले त्याच्या खाली हे आहे, यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. माणसं आत यायची आणि दवाखान्यात आल्यासारखी कुजबुजायची. मग ठसे दिसायचे आणि हसण्याची लाट कमानींखालून पुढे जायची. एक आजोबा घसरणीपाशी उभे राहून प्रत्येकाला "इथे पडला, इथे!" म्हणून सांगत होते, जणू स्वतः बघितलंय. नगराध्यक्ष पाच मिनिटांसाठी आले होते. ठशांमागे चालत चालत पार टोकाला गेले, परत आले तेव्हा पँटीला गुडघ्यांवर गाळ लागलेला होता आणि ते इंजिनियर बाईंना विचारत होते, "छताला आधार दिला तर धोका राहणार नाही ना?"

नाही राहणार, असं बाईंनी आकडेमोड करून दाखवलं. सभा झाली, थोडी वादावादी झाली, आणि भराव रद्द झाला. छताला जागोजागी नवे आधार दिले, ठशांच्या बाजूनं लाकडी वाट केली. कमानींची डागडुजी करणाऱ्या गवंड्यांना काका खुर्ची टाकून सूचना द्यायचे, आणि एखादा हळू काम करताना दिसला की त्याच्याकडे फार मायेनं बघायचे.

आता टाकी रोज उघडी असते. शाळेच्या सहली येतात. कमानींखाली कुणी गाऊन बघतं, कुणी शिट्टी वाजवून. मावशी आणि काका संध्याकाळी टेकडीवर जातात, वरच्या बाकावर बसतात. ठशांतला तो कुत्रा होता की कुत्री, यावर दोघांचं अजून एकमत नाही. काका म्हणतात, कुत्री होती, पिल्लं घालायला शांत जागा शोधत होती, म्हणून तर गवंड्यानं उचलून नेलं. मावशी म्हणते, काही नाही, नर होता, चांगला टगा होता; मादी असती तर ओल्यात पायच ठेवला नसता. परवा मी गेले तेव्हाही हाच वाद रंगला होता. मला बघताच दोघं एकदम म्हणाली, "बरं झालं आलीस. तूच सांग!"

मी म्हटलं, मला जागा द्या आधी. दोघं सरकली, मी मधे बसले, आणि वाद पहिल्यापासून सुरू झाला.